सत्तेचाळीस नंबरची ओ

लाइट येईल तेव्हा येईल. तोवर असे जवळ सरकून बसा, आणि ते मोबाईल उलटे करून ठेवा. मधेच कोणाचा वाजला तर मलाच दचकायला होतं. हसू नका. पस्तीस वर्षं या हरिसिंगनं टेलिफोनच्या तारा जोडल्या, भर पावसात खांबावर चढलो, भीती कशी असते ते माहीत नव्हतं. पण संघर्षनं मला हे सांगितलं, त्या दिवसापासून अंधारात फोन वाजला की उचलायच्या आधी हात थांबतो.

संघर्ष मुनेश्वर तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. यवतमाळात कॉम्प्युटर आणि नेटच्या दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. तार सोलायला तो माझ्याच हाताखाली शिकला. गप्पा मारणारा, पण थापा मारणारा नाही. भुताखेताचं नाव निघालं की आधी तोच हसायचा. आता हसत नाही.

साल दोन हजार सतरा. ते साल आपल्या जिल्ह्यात कोण विसरणार? कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडाबोंडात गुलाबी अळी. लोकांनी फवारून फवारून हात टेकले. फवारणीचं विष अंगात भिनून किती मजूर दवाखान्यात पडले, किती तर परत आलेच नाहीत. त्याच सालचा नोव्हेंबर, चौदा तारीख, मंगळवार. कार्तिक वद्य एकादशी, म्हणजे चंद्र पहाटेपर्यंत दिसायचा नाही.

काम साधंच होतं. दुपारी पुण्याहून रोशनचा फोन आला. रोशन आणि संघर्ष यवतमाळच्या पॉलिटेक्निकात एका बाकावर बसलेले.

"अबे संघर्ष, आज आईच्या घरी जाऊन येतं का? नेटमध्ये काहीतरी गडबड आहे."

रोशनची आई म्हणजे विमलताई. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आसपासच्या गावांत सगळे त्यांना सिस्टरबाईच म्हणत. कळंबच्या पुढे राळेगावच्या रस्त्याला, गाव सोडून दीडेक किलोमीटरवर त्यांचं घर. मागे-पुढे कपाशी. नवरा वारल्यावर बाई एकटीच. त्या उन्हाळ्यात पलीकडच्या घरी चोरी झाली, तेव्हा रोशननं पुण्याहून येऊन घराला लोखंडी गेट लावलं, कॅमेरे लावले, आणि नेटला फायरवॉल बसवली.

फायरवॉल म्हणजे नेटच्या दारावरचा राखणदार, एवढं समजा. बाहेरून कोणी आलं तर त्याला दोन तऱ्हेनं परत लावता येतं. एक, आत येऊ नको असं तोंडावर सांगून. दुसरी, काहीच न बोलता. बाहेरच्याला वाटावं, या घरात कोणी राहतच नाही. रोशननं दुसरी तऱ्हा लावली होती.

आणि नेटवाले एक पिंग म्हणून हत्यार वापरतात. पिंग म्हणजे हाक. एका मशीननं दुसऱ्याला हाक मारायची, दुसऱ्यानं ओ द्यायची. ओ यायला किती वेळ लागला त्याचा आकडा पडद्यावर येतो. मशीन शेजारी असेल तर आकडा एक नाहीतर दोन. लांब असेल तर चाळीस, पन्नास. ओ आलीच नाही तर 'रिक्वेस्ट टाइम्ड आऊट'. वाट पाहिली, कोणी बोललं नाही.

"मी इथून घराले हाक मारली तं ओ यायलेच नको," रोशन फोनवर म्हणाला. "मीच बंद करून ठेवली. पण दीड महिना झाला, ओ येऊन राह्यली. दिवसा नाही येत. रात्रीच येते."

"कोणीतरी घुसलं असन लेका तुमच्या नेटमध्ये."

"मलेही तेच वाटते. पाहून ये. आईले मात्र काही सांगू नको, घाबरन."

संघर्ष पावणेसातला पोचला. अंधार पडला होता. गेटला कुलूप. त्यानं हॉर्न वाजवला, मग हाक मारली, "मावशी, मी संघर्ष." आतून काही आवाज आला नाही. दोन मिनिटांनी त्यानं मोबाईल लावला, तेव्हा कुठे विमलताई टॉर्च घेऊन बाहेर आल्या.

"हाक नाही आली का मावशी?"

"आली होती." त्या कुलूप काढत होत्या, मान खाली. "अंधार पडल्यावर मी ओ नाही देत. फोन आला तंच येतो."

ज्या बाईनं एकतीस वर्षं मध्यरात्री उठून लोकांच्या बाळंतपणाला धाव घेतली, तिच्या तोंडून हे ऐकून संघर्षला नवल वाटलं. पण म्हातारं माणूस, एकटं राहतं, असं मनाशी म्हणून तो आत गेला.

गेटजवळ पाण्याचा हौद, हौदाशी कपडे धुवायचा दगड, मग ओसरी, मग पुढची खोली. खोलीत टेबलावर राउटर आणि त्याच्या बाजूला फायरवॉलची पेटी, हिरवे दिवे लुकलुकत. विमलताईंनी चहा दिला, मुरमुऱ्याचा चिवडा दिला. संघर्षनं लॅपटॉपची वायर पेटीला लावली आणि मोबाईल स्पीकरवर ठेवून रोशनला लावला.

घरात जोडलेल्या प्रत्येक वस्तूला एक नंबर असतो. राउटर एक नंबरला, कॅमेऱ्याची पेटी दहाला, मावशींचा मोबाईल बाराला, लॅपटॉप पंधराला. चारच वस्तू. संघर्षनं एकापासून सुरुवात करून ओळीनं सगळ्या नंबरांना हाक मारायला लावली.

चार ओ आल्या. मग पाचवी आली.

सत्तेचाळीस नंबर.

"रोशन, सत्तेचाळीसवर काय लावलं हाय तू?"

"काहीच नाही."

"ओ देऊन राह्यलं ना."

"मग तोच. चोरून बसला कोणी. पाह्य कोणत्या कंपनीचं मशीन आहे ते."

प्रत्येक मशीनवर कारखान्यातून शिक्का मारून आलेला एक नंबर असतो, तोही दिसतो. संघर्षनं पाहिलं. चार वस्तूंपुढे शिक्के होते. सत्तेचाळीसपुढे जागा कोरी. ओ देत होतं, पण ज्याच्यातून ओ देत होतं ते मशीनच नव्हतं.

हत्यार चुकतंय, त्याला वाटलं. असं होतं पुष्कळदा. त्यानं लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. सत्तेचाळीस होताच. ओ यायला लागणारा वेळ, त्रेचाळीस.

आता इथे संघर्ष जरा विचारात पडला. घरातल्या घरात त्रेचाळीस? घरात असतं तर एक यायला पाहिजे. हा आकडा म्हणजे कुठून तरी लांबून.

मग त्यानं दुसरं हत्यार काढलं. ट्रेसरूट म्हणतात त्याला. आपली हाक कोणकोणत्या टप्प्यावरून गेली ते ते दाखवतं. एसटी कशी कळंब, यवतमाळ, दारव्हा असे थांबे घेत जाते, तसं. घरातल्या वस्तूला एकच टप्पा असतो. पडद्यावर पहिली ओळ आली, राउटर. दुसऱ्या ओळीत तीन चांदण्या. चांदण्या म्हणजे त्या थांब्यावर कोणी बोललं नाही. तिसरी ओळ, चांदण्या. चौथी, चांदण्या. अशा अकरा ओळी. तेराव्या ओळीत सत्तेचाळीस.

"मधे काय आहे बे हे?" रोशननं विचारलं.

"माहीत नाही."

विमलताई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी चष्मा लावला होता.

"काय करून राह्यला तू, बेटा?"

रोशननं सांगू नको म्हटलं होतं, पण बाई समोरच उभी. संघर्षनं सोपं करून सांगितलं. हाक मारतो, मावशी. कोणी असलं तर ओ देते.

"आणि उलटं?" त्या म्हणाल्या. "त्यानंच हाक मारली, आन् आपण ओ नाही दिली तर?"

"तर त्याले वाटते, घरात कोणी नाही."

"मग तो काय करते?"

"करते काय, पुन्हा मारते. कोणी बंद करेपर्यंत मारतच राहते."

विमलताई खुर्चीवर बसल्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेसात झाले होते.

संघर्षनं एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. कॅमेऱ्याची पेटी बंद केली. सत्तेचाळीस होता. वायफाय बंद केलं. होता. बाहेरून येणारी नेटची तारच उपटून काढली. आता या घराचा बाहेरच्या जगाशी संबंध नव्हता, रोशनही मोबाईलच्या टॉवरवरूनच बोलत होता.

सत्तेचाळीस होता.

आणि आकडा बदलला होता. त्रेचाळीसचा एकतीस झाला होता. त्यानं ट्रेसरूट पुन्हा चालवलं. चांदण्यांच्या अकरा ओळी होत्या, आता सात.

"रोशन... हे जवळ येऊन राह्यलं."

रोशन म्हणाला, "लॉग काढ."

राखणदार सगळं लिहून ठेवतो. कोण आलं, किती वाजता आलं, कोणाला परत लावलं. संघर्षनं फायरवॉलची ती वही उघडली. त्यात सत्तेचाळीसच्या नावावर ओळीच ओळी. हाक आली, उत्तर दिलं नाही. हाक आली, उत्तर दिलं नाही. त्यानं वर वर जात पहिली ओळ शोधली.

"तेवीस सप्टेंबर," त्यानं मोठ्यानं वाचलं. "शनिवार. रात्री आठ वाजून बारा मिनिटं. तिथून सुरू. शेवटची हाक आठ पंचावन्नला. मग बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ बारा ते आठ पंचावन्न. मग तिसऱ्या दिवशी..."

संघर्षनं खालपर्यंत ओळी सरकवल्या.

"रोज," संघर्ष म्हणाला. "एकही दिवस खाडा नाही."

"नवरात्रातली तिसरी रात्र होती ते," विमलताई म्हणाल्या.

"आई," फोनमधून रोशन म्हणाला. "आई, राहू दे."

"कायले राहू देऊ?" बाई म्हणाल्या. "दीड महिना राहूच देलं ना. संघर्ष, त्या रात्री उकंडा आलता गेटवर. पलीकडच्या वावरात फवारून राह्यला होता दिवसभर. मीच हाती घेतलेलं लेकरू रे ते. त्याच्या आधीचे दोन जगले नाही, याले नजर लागू नये म्हणून आईनं उकिरड्याचं नाव ठेवलं, उकंडा. चौतीस वर्षांचा झालता. गेट धरून हाक मारे. सिस्टरबाई... ओ सिस्टरबाई..."

त्यांनी चष्मा काढला.

"आवाज मी ओळखला नाही. जीभ जड झालती त्याची. मी रोशनले फोन केला. रोशननं तिकडून कॅमेऱ्यात पाहिलं."

"मले दारुड्या वाटला," रोशन म्हणाला. "झोकांड्या खाऊन राह्यला होता. ओकून राह्यला होता. मी म्हटलं, आई, उघडू नको. ओ बी देऊ नको. कोणी नाही असं समजन आन् जाईन."

"विष भिनलं की माणूस तसंच करते," विमलताई म्हणाल्या. "मी नर्स आहे. मी एक डाव खिडकीतून पाह्यलं असतं तरी समजलं असतं मले. मी टीव्हीचा आवाज वाढवला. सकाळी सहाले गेट उघडलं, तं गेटले टेकून..."



संघर्षनं घड्याळ पाहिलं. आठला पाच कमी. पडद्यावर आकडा एकोणीस. चांदण्यांच्या ओळी चार.

आपण निघावं, असं त्याच्या मनात आलं. गाडी गेटच्या आत उभी होती. पण निघायचं तर गेटमधूनच निघावं लागणार. चांदण्यांच्या त्या चार ओळी कुठून कुठवर आहेत ते आता त्याला सांगायला नको होतं.

"मावशी, हे बंद करतो मी."

त्यानं फायरवॉलच्या पेटीची वायर काढली. दिवे गेले. राउटरची काढली. तेही दिवे गेले. लॅपटॉपच्या कडेची वायर ओढून काढली. आता लॅपटॉप कशालाच जोडलेला नव्हता. टेबलावर ठेवलेली एक पाटी, बस.

पडद्यावर ओळी येतच होत्या.

सत्तेचाळीसची ओ. अकरा.

सत्तेचाळीसची ओ. नऊ.

सत्तेचाळीसची ओ. नऊ.

लॅपटॉप मिटायला संघर्षनं हात पुढे केला, तर विमलताईंनी त्याचं मनगट धरलं.

"नको."

आठ दहा.

बाहेर रातकिडे ओरडत होते. मग एका बाजूचे थांबले. कपाशीच्या बाजूचे. मग रस्त्याच्या बाजूचे.

आठ अकरा.

आकडा चार.

खोलीत वास यायला लागला. फवारणीचा वास तुम्हाला माहीत आहे, नाकातून थेट डोक्यात जाणारा. दारं-खिडक्या बंद होत्या.

आठ बारा.

ओळी थांबल्या. पडदा तसाच राहिला, मग त्यावर वेगळी ओळ आली. आता लॅपटॉप हाक मारत नव्हता. लॅपटॉपला हाक येत होती. आणि लॅपटॉपमध्येही एक राखणदार असतो, तो आपलं काम करत होता. हाक आली, उत्तर दिलं नाही. हाक आली... उत्तर दिलं नाही.

"संघर्ष," फोनमधून रोशन म्हणाला. अगदी हळू. "तुमच्या खोलीत कोण बोलून राह्यलं?"

"कोणीच नाही."

"अबे बोलून राह्यलं ना कोणीतरी. जड आवाजात... आई म्हणून नाही. बाई... बाई म्हणून..."

फोन बंद पडला.

गेट वाजलं.

एकदाच. कोणी अंग टेकल्यासारखं.

संघर्षनं विमलताईंकडे पाहिलं. बाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी कपाट उघडलं, आतून साबणाची वडी घेतली, टॉवेल घेतला, टॉर्च घेतला. काय घ्यायचं ते हातांना पाठ होतं.

"मावशी... नका जाऊ."

"तू बस."

"मावशी, तिथं कोणी नाही आहे."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या, "कोणी नाही म्हणूनच मरू देलं मी त्याले."

कडी निघाली. दार उघडलं. वासाचा लोट आत आला, संघर्षच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि ओसरीच्या पायरीवर उभं राहून, पासष्टीकडे झुकलेल्या त्या बाईनं अंधारात ओ दिली. जुन्या काळी बाळंतपणाला बोलवायला आलेल्या माणसाला देत असेल तशी, खणखणीत.

"ओ! आली रे बापा, आली!"

पडद्यावरची ओळ थांबली.

मग कुलपाचा आवाज. गेट उघडल्याचा आवाज. आणि मग बाईंचं बोलणं. एकटीचंच. मधे मधे थांबून, जसं कोणी उत्तर देत असावं.

"धर मले. धर... हं."

...

"पानी पिऊ नको आत्ता. आधी धुवून काढू."

...

"काढ तो शर्ट. लाजू नको रे, मी तुले पहिल्या दिवशी धुतलं."

...

संघर्ष कसाबसा दारापर्यंत गेला. चौकट धरून उभा राहिला. टॉर्च हौदाच्या कडेवर ठेवलेला, त्याचा झोत धुण्याच्या दगडावर. विमलताई वाकून डबा भरत होत्या आणि दगडावर पाणी ओतत होत्या.

दगडावर कोणी नव्हतं.

पण पाणी दगडावर पडत नव्हतं. वरून येत होतं... आणि मधेच, बसलेल्या माणसाचं डोकं असतं तेवढ्या उंचीवर... फुटत होतं. दोन बाजूंनी ओघळत होतं. खांद्यासारखं. मग खाली.

संघर्षनं डोळे मिटले. उघडले. पाणी तसंच पडत होतं.

बाई साबण लावत होत्या. हवेत. मानेला, कानामागे, काखेत. शिकवलेल्या पद्धतीनं, काही न विसरता. साबणाचा फेस त्यांच्या हाताबरोबर हवेत राहत होता. पुन्हा डबा. पुन्हा पाणी. पुन्हा साबण.

"डोळे मीट. झोंबन."

...

"झालं. झालं, बापा."

किती वेळ गेला, संघर्षला सांगता येत नाही. त्याला आठवतं ते एवढंच, की एका डब्याचं पाणी सरळ खाली गेलं. दगडावर आपटलं. चांगलं मोठ्यानं. वास गेला होता. रातकिडे पुन्हा ओरडायला लागले होते.

विमलताई आत आल्या. कोपरापर्यंत हात ओले, पदर भिजलेला. त्या खुर्चीवर बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. भिंतीवरच्या घड्याळात आठ पंचावन्न झाले होते.

संघर्षनं टेबलावर जाऊन सत्तेचाळीसला हाक मारली. एकदाच.

रिक्वेस्ट टाइम्ड आऊट.

त्या रात्री तो गेट ओलांडून गेला नाही. पुढच्या खोलीत लाइट लावून बसून राहिला. बाई मात्र झोपल्या, पहिल्यांदा दीड महिन्यात, असं त्यांनीच सकाळी सांगितलं.

सकाळी त्यांनी संघर्षला गाडी काढायला लावली आणि उकंडाच्या घरी गेल्या. त्याची बायको कौसल्या अंगणात कापूस निवडत बसली होती, किडका वेगळा, बरा वेगळा. विमलताई तिच्यासमोर मातीतच बसल्या आणि सगळं सांगितलं. हाक, टीव्ही, कुलूप. आदल्या रात्रीचं तेवढं सांगितलं नाही. कौसल्याचे हात थांबले. संघर्षला वाटलं, आता ही बाई अंगावर धावून येईल, शिव्या देईल. पण तिनं एवढंच विचारलं,

"काय म्हणून हाक मारली जी त्यानं?"

"सिस्टरबाई म्हणून."

"म्हणजे दवाखान्यासाठीच आलता."

"हो गं बाई."

"सारे म्हणत, पिऊन मेला. माहा सासरा बी तेच म्हणे. मीही म्हणे." तिनं ओंजळीतला कापूस खाली ठेवला. "त्यानं आयुष्यात दारूले हात नव्हता लावला जी."

मग ती रडली, आणि तिच्यासोबत विमलताई. त्याच दिवशी दोघी मिळून तिच्या सासऱ्याकडे गेल्या आणि विमलताईंनी त्यालाही तोंडावर सांगितलं. तिसऱ्या दिवशी रोशन पुण्याहून आला. तोही कौसल्याच्या अंगणात जाऊन बसला. काय बोलला ते मी विचारलं नाही, संघर्षनंही विचारलं नाही. फायरवॉल अजून आहे त्या घरात. चार वस्तूंना चार नंबर, पाचवी ओ पुन्हा कधी आली नाही.

आता म्हणाल, पोरानं रात्री उपाशी बसून स्वप्न पाहिलं असेल. मीही तेच म्हटलं त्याला. तेव्हा तो मला गाडीवर बसवून कळंबपुढच्या त्या घरी घेऊन गेला. ती रात्र उलटून फार वेळ झाला नव्हता, दुसऱ्या दिवशी बुधवारीच, दुपारी.

धुण्याच्या दगडापासून एक चर निघतो, सांडपाणी शेवग्याच्या झाडाशी जावं म्हणून काढलेला. हौदातलं पाणी मी स्वतः ओंजळीत घेऊन पाहिलं. चांगलं पाणी, त्याच पाण्याचा चहा झाला होता. आणि दगडापासून पुढे, त्या चरात, तळाशी, फवारणीचं औषध पाण्यात मिसळलं की होतं तसं, दुधासारखं पांढरं काहीतरी साचलेलं. त्यावर माशी बसत नव्हती. दोन्ही काठांवर मेलेल्या मुंग्यांची काळी रेघ, शेवग्यापर्यंत.

आणि पाण्यात तीन बेडूक. पोटं वर करून.